अर्धी लादी

शनिवार, १८ मे २०२४

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची यादी कोणी करत असेल, तर तिच्यात आजची एक बाब जोडावी. चंद्रपूर जिल्ह्यात, पंचेचाळीस अंशांत, एका सज्जन हॉटेलमालकाला लिंबू सरबत कोमट प्यावं लागलं. एकदा नव्हे, दोनदा.

काल रात्री अकराला लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणतात. लाइनमन ‘निघाला आहे’. आमच्याकडे लाइनमनचं वाघासारखं आहे. कालच दिसला असं सगळे सांगतात, आपण गेलो की नेमका नसतो.

सोळा वर्षं मी चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात लोकांच्या वर्मावर बोट ठेवणारं सदर लिहिलं. साप्ताहिक मिटलं, वर्मं शिल्लक राहिली. मग बायकोच्या, प्रेमिलाच्या, हातच्या चवीवर भिस्त ठेवून इथे सफारीच्या गेटसमोर भोजनालय उघडलं. पाटीवर लिहिलं, ‘वाघ दिसो न दिसो, जेवण दिसेल.’ माझ्या साऱ्या लेखनात लोकांनी फोटो काढावा असं हे एकच वाक्य.

रस्त्यापलीकडे पळसाच्या मांडवात मनसाराम आणि त्याची बायको रुखमाबाई बसतात. तो पहाटे तलावात जाळं टाकतो, ती तळते. मरळ, झिंगे, भात, मिरचीचा ठेचा. पाचवी वस्तू नाही. त्यांच्याकडे फ्रीज नाही. मूल गावाहून पहिल्या बसनं भुशाच्या पोत्यात बर्फाची एक लादी येते, तीच दिवसभर. म्हणजे जिच्याशिवाय मी तडफडत होतो ती वस्तू पंधरा पावलांवर होती, आणि मागायला माझी जीभ रेटत नव्हती. मनसारामनं मागायची वेळच येऊ दिली नाही. दुपारी पोतं खांद्यावर घेऊन हजर.

“भाऊ, तुमचा डबा बंद हाये ना? घ्या अर्धी.”

“अन् तुमाले?”

“पुरते जी. आज मासोळी थोडीच हाये.”

प्रेमिला म्हणाली, “त्या पनीरवर ठेवा तो बर्फ. तीन किलो पडून हाये.” मी तिला धंद्याचं तत्त्व समजावलं. शीतपेयाची बाटली गिऱ्हाईक हातात घेऊन पाहतं, पनीर कोणी हात लावून पाहत नाही. बर्फ टबात गेला, टबात तीस बाटल्या गेल्या, दोन खडे माझ्या सरबतात. चार वाजता लाइट आली. फ्रीज पुन्हा घरघरू लागला. म्हणजे काही बिघडलं नाही.

रविवार, १९ मे

विक्रमी दिवस! सकाळच्या फेरीत वाघीण तीन पिल्लांसह पाणवठ्यावर अर्धा तास बसली. तिला आमच्या जिल्ह्याची पालकमंत्री करावं. वाघ पाहिलेलं गिऱ्हाईक आणि न पाहिलेलं गिऱ्हाईक या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. पाहिलेलं दोन पोळ्या जास्त खातं, आपल्या पोरांचं कौतुक करतं, बिलाकडे बघत नाही. न पाहिलेल्याला वरणात मीठ कमी लागतं, पंखा हळू लागतो, आणि वाघ मीच कुठेतरी दडवला आहे अशा नजरेनं ते माझ्याकडे पाहतं.

नागपूरचं नऊ जणांचं कुटुंब प्रफुलच्या जिप्सीतून उतरलं. जिप्सीवाले आमचे खरे मालक. ते जिथे गाडी उभी करतात तिथे हॉटेल चालतं. त्या बदल्यात ड्रायव्हर आणि गाइड मागच्या पडवीत फुकट जेवतात. लेखी करार कुठे नाही, पण तो मोडल्याचं ऐकिवात नाही. रुखमाबाईही त्यांना एक-एक तळलेला तुकडा देते. बिचारीचं राजकारण तुकड्याएवढंच.

कुटुंबानं पनीर मागवलं. जंगलात येऊन वाघ बघायचा आणि पनीर खायचं, हा नागपूरचा परिपाठ. त्यांचे आजोबा मात्र म्हणाले, “पनीर दवाखान्यातल्या माणसाचं जेवण आहे,” आणि समोरून तळलेली मासोळी मागवली. एक लहान पोरगी सोडून सगळ्यांनी तिच्यातला एक-एक घास घेतला, आजोबांनी तीन प्लेटा. माझ्या टेबलावर परका माल खाऊ दिला, एवढा मी उदार.

स्वयंपाकघरात प्रेमिला पनीर हुंगत उभी होती. “वास येऊन राह्यला.” मी म्हटलं, उन्हाळ्यात कशाला येत नाही? मसाला वाढव. मसाला हा हॉटेलधंद्याचा वकील आहे, कोणत्याही अशिलाला सोडवतो. तिनं वाढवला. ताटं चाटून पुसून आली.

मंगळवार, २१ मे

गेट बंद. मंगळवारी वाघाला सुट्टी, आम्हाला उपास.

दुपारी प्रफुल आला तो पडवीत न जाता सरळ गल्ल्यापाशी. “भाऊ, परवाचे पाव्हने चंद्रपूरले भरती हायेत. सात जन. रात्रभर उलट्या. आजीबाईले तर आयसीयूत ठेवलं.”

“सात? नऊ होते ना?”

“आजोबा ठीक हायेत. अन् एक लहान पोरगी, ते दहीभातच खाते म्हने. आजोबाच पळापळ करून राह्यले. मासोळीनंच झालं, भाऊ. गर्मीत मासोळी म्हंजे इखच.”

तीन प्लेटा मासोळी खाऊन आजोबा ठणठणीत. जुन्या माणसांची पोटं दगडाची असतात.

ही नोंद करताना प्रेमिला मागे उभी होती. वाचून आत निघून गेली. अक्षर चांगलं आलं नाही म्हणून असेल.

गुरुवार, २३ मे

जिप्सीवाल्यांनी ठरवलं, समोर गाडी थांबवायची नाही. ठराव नाही, कागद नाही. आज अकरा गाड्या आल्या आणि अकराही माझ्याकडे वळल्या. रुखमाबाई कढई तापवून बसली होती. तेल तापायचं, ती विस्तव ओढायची, परत घालायची. दुपारपर्यंत तीनदा.

माझ्याकडे खुर्च्या कमी पडल्या. अशा वेळी माणसाला आनंद व्हायला हवा. झाला असावा. मला ऊन फार लागलं.

संध्याकाळी मनसाराम आला. आत येईना, पायरीवरच बसला. आजींना कसं आहे ते विचारलं. बाहेर आणलं, सलाइन चालू आहे, असं मी सांगितलं.

“भाऊ, त्या दिवशी माझ्या मासोळीच्या डब्यात बर्फ अर्धाच होता. अर्ध्यातच सकाळची मासोळी दुसऱ्या सकाळपर्यंत काढली. म्हनूनच असन ना?”

मी म्हटलं, “हो, असू शकते. उन्हाळा हाये.”

हे मी का म्हटलं ते इथे लिहायचं होतं. आता झोप येते आहे.

सोमवार, २७ मे

प्रेमिलानं फळ्यावरचं पनीर खोडलं. मी कारण विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. ओल्या फडक्यानं तो एकच शब्द पुसल्यामुळे फळ्यावर ‘मसाला’ तेवढं राहिलं आहे.

शुक्रवार, ३१ मे

लिहितो. या वहीत तरी लिहायला हवं. दुसरं कोण वाचणार आहे? (प्रेमिला वाचते. पण तिला यातलं काही नवीन नाही.)

पनीर सतरा तास बंद फ्रीजमध्ये होतं. बाहेर पंचेचाळीस. मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी गेले दहा दिवस फार मेहनतीनं स्वतःला पटवत होतो. सोळा वर्षं जी युक्ती मी दुसऱ्यांची पकडायचो तीच. निकृष्ट पुलाच्या कंत्राटदारावर मी लिहिलं होतं, ‘यांना सगळं ठाऊक असतं, फक्त त्या वेळी आठवत नाही.’ लोकांनी पेढे दिले होते.

सगळ्यात वाईट बर्फाचं आहे. त्यानं दिलेला बर्फ मी पनीरवर ठेवला असता तर काही झालं नसतं. मी तो बाटल्यांना दिला. आणि आता त्या दिलेल्या बर्फामुळेच मनसाराम स्वतःला दोषी समजतो आहे. माझं पाप त्याच्या चांगुलपणाच्या पोत्यात गुंडाळून त्याच्याच खांद्यावर गेलं. अशी सफाई माझ्या एकाही लेखात नव्हती.

आज ग्रामसमितीचे अध्यक्ष धनराज आले. गेटसमोरच्या जागा समिती दरवर्षी वाटते. आठ तारखेला बैठक आहे. “रुखमाबाईची जागा काढावं लागन, भाऊ. गेटचं नाव खराब झालं. तुमी या, चार शब्द चांगले लिहून द्या ठरावात. तुमच्यासारखं कोनी लिहीत नाई.”

गेली तीस वर्षं मी या वाक्यासाठी जगलो.

बुधवार, ५ जून

मनसाराम दुपारी आला. सुरुवात अशी: “माफीनामा लिहून पाह्यजे होता.”

मी चहा सांगितला. दुसरं काय सांगणार होतो?

जागा गेली तर तो सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर जाणार आहे, ट्रक भरायला. ठेकेदाराशी बोलणं झालंय. रुखमाबाई इथेच राहील. तलावाच्या मच्छीमार सोसायटीत त्याचं नाव आहे, पण जाळं टाकायला माणूसच गावात नसेल तर ते नावही जाईल. “बापानं अन् आज्यानं त्याच तलावात जाळं टाकलं, भाऊ. दगड उचलनं मले जमन, नाई असं नाई. पन तिथी पानी नाई.”

मी कागद घेतला. सवयीनं सुरुवात केली, ‘सविनय विनंती की, अनवधानाने’. त्यानं विचारलं, “अनवधान म्हंजे?”

“लक्षात न आल्यामुळे.”

“तसं नका लिहू. माझ्या लक्षात होतं ना.” मग तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो, एकही शब्द न बदलता. आयुष्यात पहिल्यांदा.

“थंडावा कमी होता. कमी हाये हे मले मालूम होतं. तरी विकलं. लोक बिमार पडले. एक आजी मराले टेकली होती. चूक माझी हाये. पुढं असं करनार नाई. जागा नेऊ नका.”

“बर्फ कमी काऊन पडला, ते?” मी विचारलं.

“ते नका लिहू. तुमचं नाव काहाले येऊ द्यायचं? तुमी थोडीच मागाले आल्ते. मीच देल्ला.”

त्यानं खाली सही केली. सही करताना तो ओठ दाबून धरतो, सुई ओवावी तसा. चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला, आणि म्हणाला, “बैठकीत तुमीच वाचून दाखवा जी. माह्याच्यानं होनार नाई.”

गुरुवार, ६ जून

प्रेमिला दोन दिवस माझ्याशी फक्त ‘मीठ’ आणि ‘पोळी’ एवढंच बोलते. आज तिसरा शब्द वाढला. रात्री दिवा मालवताना म्हणाली, “वाचनार?”

मी झोपल्याचं सोंग केलं. ती सत्तावीस वर्षं माझ्याशेजारी झोपते. मी झोपेत घोरतो, हे तिला ठाऊक आहे.

शनिवार, ८ जून

शाळेच्या पडवीत बैठक झाली. तीस-पस्तीस माणसं, पाच-सहा बाया दाराशी. रुखमाबाई बायांच्याही मागे, भिंतीला टेकून. मनसाराम पहिल्या रांगेत, धुतलेल्या शर्टात. त्याला वाटलं असावं, गुन्हेगारानं पुढे बसायचं असतं.

इथे मी धैर्याची कथा लिहिणार नाही. कागद खिशातून काढला तेव्हा तो आहे तसा, त्याच्याच नावानं वाचायचा माझा विचार होता. मग ठरावात चार मवाळ शब्द घालून त्याची जागा वाचवायची. म्हणजे त्याचंही भागलं असतं आणि माझंही. असा हिशेब मी घरून करून निघालो होतो. आणि तो चांगला होता.

वाचायला लागलो. “थंडावा कमी होता. कमी हाये हे मले मालूम होतं. तरी विकलं.” वाक्यं त्याची, आणि एकेक माझ्या मापाची निघत होती. त्याच्या तोंडी ती खोटी होती. माझ्या तोंडी पहिल्यांदा खरी झाली. “एक आजी मराले टेकली होती. चूक माझी हाये.” खाली सहीवर आलो आणि तिथे लिहिलेलं नाव मला म्हणता येईना. तोंड उघडलं तर माझं नाव बाहेर आलं. नारायण बोरकुटे.

धनराज म्हणाले, “भाऊ, नाव चुकलं.”

“नाव बरोबर आहे. मासोळीनं काही झालं नाही. माझं पनीर होतं. सतरा तास फ्रीज बंद होता.”

मग प्रफुल हसला. “अरे, भाऊ लेखक हायेत! गंमत करून राह्यले!” आणि सगळी पडवी हसली. धनराजसुद्धा. एक म्हातारा तर म्हणाला, “वा, मनसारामले वाचवाची ही चांगली आयडिया हाये.” कोणीतरी टाळी वाजवली.

सोळा वर्षं मी थट्टा लिहिली, त्याची ही मजुरी. खरं बोलायची वेळ आली तर लोकांना विनोद वाटला. आणि मी लिहितो म्हणून लिहितो: त्या हशात मला एक चोरवाट दिसली. नुसतं हसायचं आणि खाली बसायचं. झालं. मी हसलो नाही, पण बसत होतो.

दाराशी प्रेमिला उभी राहिली. तिनं पदर खोचला होता, भांडायला निघावं तसा. “गंमत नाई. पनीर मी हुंगलं होतं. ह्यायले सांगलं वास येते म्हनून. ह्यायनं मसाला वाढवाले लावला, अन् मी वाढवला. माझंई नाव लिहा कागदावर.”

मग कोणी हसलं नाही.

समितीनं माझं भोजनालय एक ऑक्टोबरपर्यंत बंद केलं. रुखमाबाईची जागा तशीच राहिली. ठराव कोणी लिहायचा यावर थोडा वेळ गेला. शेवटी शाळेच्या शिपायानं लिहिला, चार ओळींत. नेटका होता.

बाहेर पडताना मनसाराम चपला शोधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्या दिवशी मी पायरीवर बसून इचारलं, तवा तुमी हो म्हनलं.”

एवढंच. चपला हातात घेऊन अनवाणीच गेला.

रविवार, ९ जून

सकाळी नागपूरला आजोबांना फोन केला. सांगितलं. ते म्हणाले, “मला माहीत होतं. आमच्या घरात पनीर न खाल्लेले आम्ही दोघंच. पण म्हाताऱ्याला विचारतं कोण?” आजी घरी आल्या आहेत. पेज पितात. मी माफी मागितली. ते म्हणाले, “मला नको, तिला सांगा,” आणि फोन तिच्याकडे दिला. मी सगळं परत सांगितलं. आजी म्हणाल्या, “चव मात्र चांगली होती हो.”

पलीकडे तीन गाड्या थांबल्या. प्रफुल स्वतः प्लेटा उचलत होता. एकोणीस दिवसांपूर्वी तोच या मासोळीला ‘इख’ म्हणत होता. मी कोणत्या तोंडानं त्याला नावं ठेवू?

बंद शटरसमोर उभा होतो तेव्हा रुखमाबाई झाडणी घेऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत आली. आपल्या अर्ध्या भागाच्या एक बोटही पुढे नाही.

“भाऊ, माझा मानूस तुमच्या घरी माफी लिहाले आला, अन् तुमी त्याले चहा पाजला. घरी येऊन मले सांगे, भाऊनं चहा गोड केल्ता म्हने.” झाडणी आपटून धूळ काढली. “सोळा साल लोकायचं काय काय लिहिलं म्हन्ता. आमच्या येळी शाई सरली होती काजी?”

मी म्हटलं, “हो.”

“बरं झालं बाई घरात होती तुमच्या,” ती म्हणाली, आणि परत गेली.

बुधवार, १२ जून

तीन दिवस मनसाराम रस्ता ओलांडताना माझ्याकडे बघत नाही. माफ केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच करत नसावा. नाही, तो असा हिशेब करणारा माणूस नाही. मीच आहे.

पहाटे उठून पहिल्या बसच्या आधी मोटरसायकलनं मूलला गेलो. बर्फवाल्याला म्हटलं, अर्धी लादी.

“अर्धी कोनी नेत नाई जी. पुरी न्या, पैसे तेवढेच घेतो.”

पूर्ण नेली असती तर ते उपकार झाले असते, आणि त्याच्यावर उपकार करायची माझी पायरी नाही. अर्धीच पाहिजे म्हटलं. त्यानं कुरकुरत करवत लावली. पस्तीस किलोमीटर उन्हात वितळणार, म्हणून वर चार बोटं जास्त कापून घेतली. भुसा, पोतं, सुतळी. मागच्या सीटवर बांधली. मोहाची झाडं लागली तिथून पाठ ओली व्हायला लागली.

गेटवर पोचलो तेव्हा गाड्या आत गेल्या होत्या. मनसाराम तलावावर. रुखमाबाई पाठमोरी, चुलीत फुंकर घालत होती. मांडवाच्या कोपऱ्यातला डबा उघडला. तीन मरळी, त्यांच्या बाजूला बसनं आलेली आजची लादी. पोतं सोडलं. चार बोटं वाटेत गेली होती; बरोबर अर्धी उरली होती. ती मासोळीवर ठेवली, भुसा नीट पसरला, झाकण लावलं.

फुंकर थांबली होती. रुखमाबाईनं मागे वळून पाहिलं नाही. मी रिकामं पोतं घडी करून तिच्या पोत्यांवर ठेवलं आणि रस्ता ओलांडला.